पानसवणेमार्गे न्यूरेंबर्ग

१७ मे, शनिवार. सातारा, सकाळी सव्वासहा.

गाडीत: १) मी. २) माझा नवरा विलास, गाडी चालवायला. सांगलीत बसणार: ३) सुमनअक्का, विलासची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. वय आधार कार्डाप्रमाणे सदुसष्ट.

सामान: पाण्याच्या चार बाटल्या, अक्कांच्या कागदपत्रांची निळी फाइल, दोन पेनं, शिक्क्याचं पॅड (सरकारी शाळेतलं वाळलेलं असतं), चिवडा.

परदेशी जाऊन आलं की प्रवासवर्णन लिहायची रीत आहे. मी जायच्या आधीच लिहायला बसले आहे, कारण जर्मनीच्या तयारीसाठी आम्ही जो तीन दिवसांचा प्रवास केला तो सातारा आणि सांगली या दोनच जिल्ह्यांत झाला आणि त्याबद्दल मला कुणी विचारत नाही. विचारतात ते गरम कपडे कुठून घ्यायचे हे.

आमची मुलगी ऋता दोन वर्षं न्यूरेंबर्गला नोकरी करते. ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस आणि पाच शहरं असं ठरलं होतं. मी साताऱ्यातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. टाके घालायच्या आधी कापसाचे बोळे मोजून जुळले पाहिजेत ही सवय माझ्या घरातही उतरली आहे. जर्मनीच्या यादीत एक्केचाळीस कामं होती आणि त्यातल्या एकोणचाळिसांवर खूण झाली होती. चाळिसावं काम अक्कांचा जन्माचा दाखला आणि एक्केचाळिसावं अक्कांचा पासपोर्ट.

ऋताची अट एकच होती. "अक्काआत्या येणार नसेल तर तुम्हीही येऊ नका." माझ्या ड्यूट्यांमुळे ती सहा वर्षांची होईपर्यंत सांगलीला अक्कांकडेच वाढली. त्यामुळे अक्कांशिवाय जाणं आम्हालाही शोभलं नसतं. पण अक्कांच्या आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आणि भाऊजींच्या पश्चात मिळणाऱ्या पेन्शनच्या कागदावर एक जून, तीही वेगळ्याच सालातली. एक जून ही आपल्याकडची शाळेची तारीख. मास्तर सगळ्या पोरांना एकाच दिवशी जन्माला घालत. पासपोर्टच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, शाळेचा मूळ दाखला आणा, त्याप्रमाणे बाकीचं दुरुस्त करून घ्या.

अक्का तिसरीपर्यंत शिकल्या त्या पानसवण्याला. पानसवणे मेढ्याच्या पुढे डोंगरात होतं, ते धरणात गेलं. गावकऱ्यांना विट्याच्या पलीकडे, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या भागात जमीन मिळाली. शाळा कपाटांसकट तिकडे गेली. माझे सासरे मात्र गेले नाहीत. त्यांना साताऱ्याच्या एसटी डेपोत काम होतं, ते बिऱ्हाड घेऊन साताऱ्यात आले. विलासचा जन्म साताऱ्यातलाच. नवं पानसवणे ना त्याने पाहिलं होतं ना अक्कांनी.

निघतानाच पहिला घोटाळा झाला. मी फोनच्या नकाशावर गावाचं नाव घातलं. फोनने मेढ्याकडचा रस्ता दाखवला, दीड तास सांगितला आणि खूण नेऊन ठेवली ती निळ्या पाण्याच्या मधोमध.

"तिथं शाळा असेल तर पोहता यायला पाहिजे," विलास म्हणाला.

मी खूण पुसली आणि सांगलीचा रस्ता धरला.

सांगली, दुपार

अक्कांकडे आमरस, पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि तळलेल्या कुरडया. जेवून झाल्यावर मी टेबल पुसून शहरांची यादी मांडली: म्युनिक, न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन, बर्लिन, कोलोन. विलासला मोटारींचं म्युझियम बघायचं होतं. मला कोलोनचं चर्च बघायचं होतं. अक्कांना ऋताचं स्वयंपाकघर.

"एवढं लांब जाऊन ओटा बघणार?" विलास म्हणाला.

"तुझी मोटार हितं बी हाय की रं. पोरगी काय खाती ते बघू दे मला."

मी त्यांना ड्रेस्डेनच्या चर्चची गोष्ट सांगितली. युद्धात ते कोसळलं, कित्येक वर्षं नुसता दगडांचा ढीग होता, मग पुन्हा बांधलं. ढिगातले जुने दगड जमेल तितके ज्याच्या त्याच्या जागी बसवले. फोनवर फोटो दाखवला. नव्या फिकट भिंतीत मधेमधे काळे दगड दिसतात, ते जुने.

अक्कांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"कुठला दगड कुठं हुता ते कसं कळलं?"

"मोजमापं होती, अक्का. जुने फोटो होते."

"आन् ज्याची जागा घावली न्हाई, त्या दगडाचं काय केलं?"

मी फोटो बोटांनी मोठा करून बघायला लागले.

१८ मे, रविवार. नवं पानसवणे

तासगाव सोडलं की द्राक्षांचे मांडव लागतात, विटा सोडलं की तेही विरळ होतात. मग माळ, बाभळी आणि मेंढरांचे कळप. तव्यासारखी सपाट जमीन. गावाच्या तोंडाशी पिंपळाच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. विलासने शाळा विचारली.

"वरच्या आळीनं जावा. तितनं नदीकडं उतरा. उतरलं की शाळाच."

विलासने इकडेतिकडे पाहिलं. चढही नव्हता आणि उतारही. "नदी कुठं आहे?"

"हिकडं कुठली नदी?"

"मग नदीकडं म्हणजे?"

"नदीकडं म्हंजे नदीकडं," त्यांनी पूर्वेला हात केला. अडाणी माणसाला समजवावं तसे आमच्याकडे बघत राहिले.

भूखंड देताना गावकऱ्यांनी हट्टाने जुन्या गावाप्रमाणेच घरं पाडून घेतली होती, हे आम्हाला नंतर कळलं. वरची आळी वरचीच राहिली, खालची खालची. दोन्हींत वीतभराचाही फरक नाही. गावाच्या एका कडेला लोक "पलीकडं" म्हणतात, कारण तिकडे जायला पूर्वी नदी ओलांडावी लागे. आम्ही चालत होतो ती मधली गल्ली कारण नसताना एका ठिकाणी वळते. तिथे पूर्वी मोठा खडक होता म्हणे. आता तिथे काही नाही, पण वळण आहे. एक मोटारसायकलवाला आमच्या देखत त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेला.

अक्का या गावात आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होत्या. वळण संपल्यावर त्या पुढे झाल्या.

"हे सुताराचं," त्या एका घराकडे बघून म्हणाल्या. दारावर खरंच रंधा आणि करवतीचं चित्र होतं. "पलीकडचं भागूआत्याचं. मधलं आमचं."

दोन घरांच्या मधे रिकामी जागा होती. चारी कोपऱ्यांना हद्दीचे दगड, आत दोन बाभळी. पन्नासएक वर्षांत कुणी तिथे गोठा बांधला नव्हता, की लाकडं टाकली नव्हती.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी. मुख्याध्यापक मुलाणी सर विट्याहून मुद्दाम आले होते. त्यांनी कुलूप काढलं. आत फळ्यावर शेवटच्या दिवसाच्या पटाचे आणि हजेरीचे आकडे तसेच होते. कपाटाची चावी लागेना. तिसरी चावी लागली. जनरल रजिस्टर पोथीसारखं कापडात बांधलेलं होतं.

"जुन्या गावचं रजिस्टर आम्ही दर दिवाळीत ऊन दाखवून ठेवतो," सर म्हणाले. "मावशी, नाव?"

"सुमन. बापाचं ज्ञानू."

सर बोट सरकवत गेले. बोट थांबलं. त्यांनी रजिस्टर फिरवलं, पण अक्कांकडे नाही, माझ्याकडे.

मी दवाखान्यातल्या सवयीने डावीकडून उजवीकडे वाचलं. नाव: सुमन ज्ञानू. जन्मतारीख: एक जून, आधारवरच्या सालाच्या चार वर्षं आधीची. इयत्ता पहिली. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात लिहिलं होतं, "देवी येऊन मयत." त्यावर पट्टी धरून ओढलेली एक सरळ लाल रेघ. खाली त्याच अक्षरात, त्याच शाईत: "पुन्हा हजर."

"काय लिवलंय गं, जयू?" अक्कांनी विचारलं.

वाईट बातम्या वाचून दाखवायची मला सवय आहे. मी वाचून दाखवलं.

ती ओळ पुन्हा वाचून मुलाणी सर म्हणाले, "मास्तरांची चूक असंल. दुसऱ्या कुणाचा शेरा या ओळीत पडला असंल."

"चूक असती तर खोडून सोडून दिलं असतं," विलास म्हणाला. "खाली परत कशाला लिहील?"

"भागूआत्या हाय का?" अक्कांनी विचारलं.

"हाईत की. चला, मी दावतो."

"नको. घर म्हाईत हाय."

भागूआत्या म्हणजे सासऱ्यांची चुलतबहीण, पंचाहत्तरीच्या घरातली. डोळे अधू, पण कान तिखट. उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. अक्कांचा आवाज ऐकून हात थांबला.

"ज्ञानूदादाची पोरगी व्हय? लय उशीर केलास बाय."

अक्कांनी रजिस्टरातलं सांगितलं. भागूआत्यांनी सूप बाजूला सारलं आणि तांदळाचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात सगळं सांगितलं.

"तुज्या आदी एक सुमन हुती. तुज्यापरीस चार वर्सांनी थोरली. गावात देवी आल्या, तवा गेली. तुजी आई पंदरा दिस कुनाशी बोलली न्हाई. मंग एक दिस तुला तिचा परकर घातला, दोन येण्या घातल्या आन् शाळंत न्हेऊन बशीवलं. मी बी त्याच शाळंत, चौथीला. मास्तर हजेरी घ्याय लागला. सुमनचं नाव त्यानं गाळलं. तुजी आई दारात हुबी. म्हनली, गुर्जी, एक नाव ऱ्हायलं. मास्तर तिच्याकडं बगत ऱ्हायला. मंग घेतलं नाव. तू म्हनलीस, हजर."

"मी केवढी हुते?"

"असशील चार-पाचाची. परकर पायात यायचा तुज्या."

गेलेल्या मुलाचं नाव पाठच्याला ठेवायचं, ही रीत आमच्याकडे आहे. माझ्या माहेरीही असा एक काका होता. पण ते पाळण्यातल्या बाळाचं. चालत्या-बोलत्या पोरीचं नाव काढून घेऊन तिला दुसरीचं घातलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मग माझं नाव काय हुतं, आत्या?"

"तुजं..." भागूआत्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. "थांब. त्वांडावर हाय."

आम्ही थांबलो. त्यांच्या सुनेने पानं घेतली. नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, ठेचा. त्या माळावर नाचणी पिकत नाही, साताऱ्याच्या बाजारातून आणतात. डोंगरातून आलेल्या माणसांना ज्वारी अजून परकी वाटते, सून म्हणाली. जेवताना दोनदा भागूआत्यांचा घास हातातच थांबला. दोन्ही वेळा अक्कांनी मान वर केली. दोन्ही वेळा आत्या म्हणाल्या, "न्हाई."

निघताना त्यांनी अक्कांचा हात धरला. "तुज्या आईनं ते नाव बंद केलं, बग. आमी पोरी चुकून हाक मारायचो, तर फुकणी घिऊन धावायची. मंग आमी बी सोडलं. सोडलं ते सोडलंच."

गाडीत विलास आरशातून मागे बघत होता. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. विट्यापाशी म्हणाल्या, "मला एक आठवतंय. शेतात कोनतरी मला हाका मारतंय आन् मी वळत न्हाई. मी समजायचे, ती दुसरीला मारत्यात."

मुलाणी सरांनी दाखला दिला होता. सही, शिक्का, सगळं बरोबर. त्या दाखल्याने सगळे कागद एका तारखेला आणता आले असते. मी यादीतल्या चाळिसाव्या कामावर खूण केली आणि पुन्हा खोडली. अशी खाडाखोड मी करत नाही.

१९ मे, सोमवार. मेढ्याच्या पुढे

हा दिवस यादीत नव्हता. अक्का म्हणाल्या, "मला ती सुमन बघायचीय." आम्ही साताऱ्याहून मेढ्याला गेलो, तिथून पुढे. या वेळी फोनच्या नकाशातली निळ्या पाण्यातली खूण बरोबर होती.

मे संपत आला की धरणाचं पाणी खाली जातं आणि गाव वर येतं. आम्ही गाडी रस्त्यावर ठेवून तडकलेल्या गाळातून उतरलो. पाणी लांब होतं. मधे जोत्यांचे चौकोन, तुटलेल्या पायऱ्या आणि झाडांचे काळे बुंधे. गाळात एकाने काकडीचे वेल लावले होते. पाणी हटलं की दोन महिने असं पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. तो माणूस खुरपं हातात घेऊन आमच्याकडे बघत उभा राहिला.

अक्का पुढे, आम्ही मागे. खडकाला वळसा घातला. खडक इथे खरोखरच होता, पुरुषभर उंच आणि चिखलाने राखाडी झालेला. माझ्या लक्षात आलं, की रस्ता मलाही माहीत आहे, कालच आपण यावरून चाललो. सुताराचं जोतं, भागूआत्यांचं जोतं. तिकडे मधली जागा तेवढी रिकामी होती. इथे तिन्ही सारखीच.

मधल्या जोत्यावर चढताना अक्कांनी मान वाकवली, चौकट ठेंगणी असावी तशी. चौकट नव्हती, भिंतही नव्हती. त्यांच्या मागून विलास चढला, त्यानेही मान वाकवली. आत उभा राहून तो माझ्याकडे बघायला लागला.

"मी का वाकलो?"

"अक्का वाकल्या म्हणून," मी म्हणाले. पण तो त्या वेळी खाली पायरीकडे बघत होता, हे मी पाहिलं होतं. मी जोत्यावर चढले नाही.

काकडीवाले दादा जवळ आले होते. अक्कांनी त्यांना विचारलं, "पोरांची जागा कंची?"

लहान मुलांना जाळत नाहीत, पुरतात. ते काही न विचारता गावाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे उतारावर हातभर उंचीचे दगड होते, रांगेत, सगळे उभे. वर्षातले आठ-नऊ महिने त्यांच्यावरून पाणी जातं.

"हे पडत नाहीत?" मी विचारलं.

"पडत्यात की. पानी पाडतं, मी हुबं करतो. दरसाल."

"का?"

"आमचं बी एक हाय यात. कंचं ते म्हाईत न्हाई. म्हनून समदी करतो."

"सुमन, ज्ञानूची. देवीत गेलेली," अक्का म्हणाल्या.

"नावं न्हाईत मावशी त्यास्नी."

अक्का पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मग मधे उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "सुमन." मोठ्याने नाही. पोर अंगणाच्या टोकाला असताना मारतात तेवढीच. तीस वर्षं मी या बाईला सुमनअक्का म्हणते आहे. ते नाव दुसऱ्या कुणाचं आहे हे त्या हाकेतून मला पहिल्यांदा ऐकू आलं.

वारा नव्हता. पाण्यावर एक पक्षीही नव्हता. आम्ही चौघं उगीचच थांबलो होतो, हाक मारल्यावर थांबतात तसे.

"ओ दिली न्हाई त्ये बरंच हाय, मावशी," काकडीवाले दादा म्हणाले. "चला, ऊन चढतंय."

त्यांनी चार काकड्या दिल्या. मेढ्याला चहा घेताना आम्ही त्या मीठ लावून खाल्ल्या. चव पाणचट होती.

सातारा, त्यानंतर

मी काम पुढे ढकलत नाही. दुसऱ्याच दिवशी अक्कांना शेजारी बसवून कॉम्प्युटरवर पासपोर्टचा फॉर्म उघडला. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव. जन्मतारखेपाशी अक्का म्हणाल्या, "ती तिचीच लिव. माझी कुनाला म्हाईत हाय?" मी लिहिली. एका ओळीत त्या चार वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या, यावर हसल्यासुद्धा.

पुढचा प्रश्न असा आहे: आपण दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले जात होता का? हो किंवा नाही.

मी "नाही"वर बाण नेला.

"काय विचारलंय?" मी सांगितलं. अक्का म्हणाल्या, "हो कर."

"अक्का, याची कुठं नोंद नाही. कुणी तपासणार नाही."

"इतकी वर्सं तिच्या नावावर काढली. आता सायबापुढं म्हनू, की मी कवा कुनी दुसरी नव्हतेच?"

"मग ऋताकडं कसं जायचं?"

"जायचंय मला. पन हो कर."

मी "हो" केलं. त्यासरशी खाली आणखी एक रकाना उघडला: ते नाव लिहा. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. पुन्हा "नाही" केलं की रकाना मिटतो. हे मी अक्का स्वयंपाकघरात गेल्यावर करून पाहिलं आणि परत "हो" करून ठेवलं.

त्या वेळच्या शाळेतली हयात माणसं तीन. एक सुतारांचे थोरले, त्यांना आता स्वतःच्या मुलांची नावंही आठवत नाहीत. एक बाई पुण्याला मुलीकडे असतात, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ज्ञानूकाकांना एकच मुलगी होती, सुमन. तिसऱ्या भागूआत्या. सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं, असं विलास म्हणाला. मला तसं वाटत नाही.

ऋता रोज विचारते, तिकिटं कधी काढू. माझी रजा मंजूर आहे, पाचही शहरांतली हॉटेलं बघून ठेवली आहेत. अक्कांनी तिच्यासाठी कुरडया वाळवून डब्यात भरल्या आहेत. फॉर्म त्याच रकान्यापाशी थांबलेला आहे.

मी रोज सकाळी अकराला भागूआत्यांना फोन करते. सून फोन त्यांच्या कानाला लावते. मला काही विचारावं लागत नाही. आज बराच वेळ त्यांचा नुसता श्वास ऐकू येत होता, मग म्हणाल्या, "आत्ता आलं हुतं बग, तुजा फोन वाजायच्या आदी. उद्या कर."